पिसाकच्या बाजारातली भवानी

आई, एका बाजारच्या दिवशी तू अंगण झाडलंस, सडा घातलास, माझ्या आंघोळीचं पाणी तापवलंस, भाकऱ्या थापून दुरडीत झाकल्यास आणि पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसून राहिलीस. वाटेनं बायका बाजाराला चालल्या होत्या. मी तुझा पदर ओढत होते. "चल ना, चांगली वांगी संपतील." तू म्हणालीस, "संपू देत. आधी लोकांची भवानी होऊ दे." दिवसाची पहिली विक्री विधवेला झाली तर माल पडून राहतो, असं लोक मानायचे, आणि तूही मानायचीस. दर बाजारी उन्हं वर आल्यावरच आपण निघायचो आणि उरलीसुरली किडकी वांगी आणायचो. तू ती इतकी चांगली करायचीस, की भाजी अशीच घ्यायची असते असं मला वाटायचं.

माझे मिस्टर गेल्यापासून मीही तशीच मागे थांबते. इथं इंग्लंडात, मेडनहेडमध्ये कोण बघतंय? तरी थांबते. सुनेच्या डोहाळजेवणाचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, "आई, माझी ओटी तुम्हीच पहिली भरायची." मी म्हटलं, "नको गं, सवाष्णी येणारेत ना." ती इथंच जन्मलेली. "माझा बाळ, माझा रूल," म्हणाली. मी विषय बदलला.

त्याआधी माझी ट्रिप होती. लायब्ररीतून इंका लोकांवरची पुस्तकं आणून, डिक्शनरी शेजारी ठेवून मी वाचली होती. ते अवशेष डोळ्यांनी बघायचेच होते. वेम्बलीच्या एका ग्रुपबरोबर पेरूला गेले. पिसाक गावात डोंगरावर अवशेष आहेत आणि खाली बाजार. सकाळी दुकानं उघडत होती. एका शालवालीसमोर मी उभी राहिले, पण चार हात लांब, दुसरं कुणी आधी घेईल म्हणून. तिनं हाक मारली. आमचा गाइड म्हणाला, "तुम्ही तिच्या पहिल्या कस्टमर, या म्हणतेय." मी म्हटलं, "तिला सांग, माझा नवरा गेलाय." त्याला काही कळेना, तरी त्यानं सांगितलं. ती काहीतरी बोलली आणि शेजारच्या बायका हसल्या. "म्हणतेय, माझाही गेलाय. राखाडी हवी की लाल?"

मी लाल घेतली. तिनं माझी नोट कपाळाला लावली आणि सगळ्या शालींवरून फिरवली, आपल्याकडची भाजीवाली करते अगदी तशी.

मग वर गेले. डोंगराच्या उतारावर दगडी बांधांची शेतं, एकावर एक. वर चढायला बांधातूनच दगड बाहेर काढलेले, आपल्या विहिरीत उतरायला असायचे तसे. हवा विरळ, दम पुरत नव्हता. ग्रुपमधला एक जण म्हणाला, "काकू, बास झालं, खाली थांबा." "थांबण्यातच आयुष्य गेलं रे, तू जरा बाजूला हो," म्हणाले आणि चढले.

वरच्या बांधावर बसले तेव्हा मला तुझा राग आला. तुला कधी कुणी हाक मारली नाही, आणि तूही कधी उठून पुढे गेली नाहीस. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, कारण हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही. पण परवानगी मागत नाहीये.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण होतं. सवाष्णी बसल्या होत्या. मी उठले, सुनेला हळदकुंकू लावलं आणि तिची पहिली ओटी भरली.