पाच वाजताचा गूळ

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहा. सकाळी किती चाललात, दम लागून किती वेळा थांबलात, खोकला किती. तर लिहितो — घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत. थांबे तीन. हेच अंतर मी खांद्यावर सागाची फळी घेऊन शीळ घालत जायचो!

वही वखारीचीच आहे. दर दिवाळीला अमृतशेठ सगळ्या कामगारांना एकेक देतो. वर त्याचा हसरा फोटो. शेठ कसला, दहावीपर्यंत एका बाकावर बसायचो आम्ही.

१९ ऑगस्ट

थांबे तीन. आंघोळीनंतर खोकला फार.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नाशिकला जाऊन आलो. बायको, सत्यशीला, बरोबर होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्या स्कॅनचा फोटो दिव्यावर लावला. छातीत दोन्ही बाजूंना पांढरं जाळं.

"काम काय करता?"

"संगमनेरला लाकडाच्या वखारीत. आऱ्यावर मिस्त्री. सव्वीस वर्षं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, लाकडाचा बारीक भुसा श्वासावाटे आत जातो, फुप्फुसं चिडतात, आणि वर्षानुवर्षं चिडत राहिली की कडक होतात. गेलं ते परत येत नाही. उरलंय तेवढं राखायचं. भुशात परत पाऊल टाकायचं नाही.

मी म्हटलं, "पण बाई, आम्ही रोज गूळ खात होतो!"

"गूळ पोटात जातो हो. फुप्फुसात नाही."

बाहेर आल्यावर सत्यशीला म्हणाली, "आवं, येवढं तर पोरास्नी शाळंत शिकीवत्यात." मला तिचाच राग आला. तिचा कशाला यावा? पण आला.

२३ ऑगस्ट

गुळाचं लिहूनच ठेवतो. डोक्यातून जात नाही.

वखारीत पाच वाजता आरा बंद झाला की गुळाचा डबा निघायचा. अमृतच्या वडिलांनी पाडलेली रीत. प्रत्येकाला लिंबाएवढा खडा. गुळानं घशातला भुसा खाली उतरतो, छाती साफ राहते — सगळे असंच मानायचो. डबा माझ्या हातात. मोठ्या मिस्त्रीचा मान! पाच म्हणजे पाच, मी कधी कुणाला चुकवलं नाही.

करोना ओसरल्यावर वैजनाथ कामाला लागला. अकोले तालुक्यातला, डोंगरातला. पहिल्या दिवशी तोंडाला फुलाफुलांच्या कापडाचा मास्क! मी म्हटलं, "काय रं, नवी नवरी हायेस का तोंड झाकून बसाया?" सगळे पोट धरून हसले. मीच तो मास्क काढून खिळ्याला अडकवला आणि गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला. तोही हसला मग. तिथून गडी रुळला. पातं कसं चढवायचं, ओंडक्यातली गाठ वरून कशी ओळखायची, आवाज ऐकून धार गेलेली कशी कळते — सगळं त्याला मी शिकवलं. मला दादा म्हणतो. सख्ख्या भावानं म्हटलं नसेल असं म्हणतो.

भुसा ओढून घ्यायचं मशीनही आहे वखारीत. नाही असं नाही. सहा वर्षांपूर्वी आणलंय. ताडपत्रीखाली असतं. तपासणीला साहेब येणार असले की ताडपत्री निघायची, साहेबांची गाडी वळली की परत चढायची. अमृत म्हणायचा, वीज लई खातंय. मीही कधी जोर केला नाही. मशीनच्या घरघरीत पात्याचा आवाज ऐकू यायचा नाही ना!

२८ ऑगस्ट, गुरुवार

थांबे तीन.

अमृतकडे गेलो. परवा एका वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणतात, कामगार ऑफिसात भरपाईचा अर्ज टाकता येईल, पण मालकाचं पत्र हवं — सव्वीस वर्षं हा माणूस आऱ्यावर होता, एवढंच. त्या पत्रावर माझं पुढचं औषधपाणी आहे. नाहीतर सत्यशीलाला या वयात लोकांच्या शेतावर जावं लागेल. गुडघे धरून उठते ती.

अमृत उठून जवळ आला. खांद्यावर हात ठेवला. "भागा, तू भाऊ हायेस माझा. पत्राचं काय घिऊन बसलास! खंडेनवमी होऊ दे, देतो."

चहा पाजला. येताना दोनच थांबे लागले! मनावरचं ओझं उतरलं की श्वासालाही जागा होते बहुतेक. डॉक्टरीणबाईंना विचारायला हवं.

१२ सप्टेंबर

थांबे चार. अमृत फोन उचलत नाही. गणपतीची गडबड होती, आता पितृपक्षाची असेल.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

वखारीत गेलो होतो. न सांगता. वर्षानुवर्षं आऱ्याची पूजा मी करतो, यंदा चुकवायची कशी?

आरा धुऊन ठेवलेला. पात्याला हळदकुंकू, झेंडूचा हार. आणि पाटावर वैजनाथ!

अमृतनं मला फाटकातच गाठलं. "आरं, भुशात यायचं न्हाई ना तुला? डाक्टरनं बजावलंय ना?" काय पण काळजी! आज मशीन बंद, भुसा झाडलेला, फरशी ओली. माझाच आजार पुढं करून मलाच बाहेर ठेवला.

पत्राचं विचारलं. "तू रीतसर अर्ज टाक. मी रीतसर उत्तर देतो." भागा नाही, भाऊ नाही. रीतसर!

मग वैजनाथ डबा घेऊन फाटकाशी आला. माझा डबा. मान खाली. गुळाचा खडा पुढं केला. आणि मी घेतला. खाल्ला पण! लिहायला लाज वाटते, पण सव्वीस वर्षांची सवय, हात आपोआप पुढं गेला.

६ ऑक्टोबर

पत्राशिवायच अर्ज टाकला. थांबे चार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

अमृतचं उत्तर आलं. वकीलबाईंनी वाचून दाखवलं. मी परत वाचायला लावलं, मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं आहे.

मी बिडी ओढायचो म्हणे! भुशाच्या ढिगाजवळ काडी पेटवली म्हणून मी दोन गड्यांना त्याच दिवशी घरी धाडलंय, ते अमृतच्या डोळ्यांदेखत. आणि मी म्हणे बहुतेक वेळ ऑफिसात बसून असायचो. मग सहा नंबरच्या पात्यानं गेलेलं हे बोट कुठं गेलं — ऑफिसात?

आणि पुढं — "मालकाने सर्व कामगारांना मास्क पुरवले होते. मिस्त्री स्वतः ते वापरत नसत व इतरांनाही वापरू देत नसत." खाली साक्षीदार. वैजनाथ. सही ओळखीची, फळीवर माप टाकून खाली करायचा तीच.

एक मास्क दिला नाही अमृतनं! सव्वीस वर्षांत एक नाही!

अमृतचं एक वेळ समजतं. मालक शेवटी मालक. पण वैजनाथा, तू? ज्या हातांनी तुला पातं चढवायला शिकवलं, ते हात आठवले नाहीत सही करताना?  वकीलबाई म्हणाल्या, पाणी प्या. कसलं पाणी! विश्वासघात केला दोघांनी मिळून. घरी येऊन रडलो. सत्यशीला नुसती पाठीवरून हात फिरवत होती.

१५ नोव्हेंबर

वहीवरचा अमृतचा फोटो फाडून टाकला. थांबे सहा.

१९ नोव्हेंबर

वैजनाथ दिसला. प्रवरेच्या पुलावर, भरदिवसा, कठड्याला धरून उभा. मला पाहिलं आणि तोंड नदीकडं वळवलं. बराच वेळ तसाच उभा होता, खांदे हलत होते. लाज वाटली असेल. वाटू दे! मी बोलवलं नाही. मेलो तरी त्याच्याशी बोलणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

वैजनाथची बायको आली होती, चांगुणा. उंबऱ्याच्या आत आली नाही. सत्यशीलानं चहा टाकला, तोही घेतला नाही. मी तर पाठ करूनच बसलो होतो.

पिशवीतून तिनं एक फोटो काढला. "ह्यांचा हाय. बघा."

खिडकीशी धरला. आता मला वाचता येतो असला फोटो. पांढरं जाळं. दोन्ही बाजूंना.

"तुमास्नी सांगू नगं म्हणल्यात. शेठला कळलं तर कामावरनं काढतील म्हून. म्हून तर सही केली त्यांनी."

मी म्हटलं, खोटी सही केली. मास्क कुणी दिले होते?

"शेठनं न्हाई दिलं. त्ये खोटंच हाय, दादा." मग म्हणाली, "पन त्यो फुलाफुलांचा मीच शिवला व्हता. माज्या लुगड्याचा. तुमी काढलासा, त्ये काय खोटं हाय का?"

मी फोटो तिच्या हातात दिला. 

ती काही भांडायला आली नव्हती. फोटो परत पिशवीत ठेवत म्हणाली, "अर्ज कसा करत्यात त्ये इचाराया आले. आन् कुनावर करायचा, त्ये तुमीच सांगा."

२४ नोव्हेंबर

वकीलबाईंना फोन केला. म्हटलं, अर्ज करणारा अजून एक आहे, वैजनाथ. मी साक्ष देतो. 'जबाबदार कोण' तिथं अमृतचं नाव लिहा. खाली माझं.

त्या म्हणाल्या, मग मास्कचं मालकाचं म्हणणं तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल, तुमचा स्वतःचा अर्ज टिकणार नाही.

लिहा म्हटलं.

आज थांबे मोजले नाहीत.