बाकावरची बारावी जागा

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा बसल्या जागेवरूनच साष्टांग नमस्कार. (उठून करायला हवा होता हे मान्य. का उठलो नाही ते पुढे येईल, तोवर राग धरू नकोस.) तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला की तोही त्यांच्यासारखाच घरात ठाण मांडून बसलाय? वॉर्डातल्या नव्या नर्स मुली तुला अजून घाबरतात की आता सरावल्या? इकडे आम्ही खुशाल आहोत. बायकोही खुशाल आहे, असं तिनंच लिहायला सांगितलंय. तू विणलेली लोकरीची टोपी पोचली. ती माझ्या डोक्याला होत नाही, पण चहाच्या किटलीला अगदी मापात बसते, तेव्हा ती वाया गेली असं मनात आणू नकोस.

मी कुलपांच्या कारखान्यात किल्ल्या तपासतो आणि रविवारी कारखान्याच्या बास्केटबॉल संघात असतो, हे तुला ठाऊकच आहे. 'खेळतो' असं न लिहिता 'असतो' लिहिलं, कारण तुझ्याशी खोटं बोलून कधी पचलेलं नाही. संघात बारा जण. पाच मैदानात, सात बाकावर, आणि त्या सातांत शेवटचा, पाण्याच्या बाटल्यांना खेटून बसणारा, तो मी. अकरा वर्षांत मी एकूण चौतीस मिनिटं मैदानात उतरलोय. त्यातली बरीचशी चेंडू वर गेला की तोंड उघडं टाकून बघण्यात गेली. तू मला वाळलेले कपडे काढायला गच्चीवर पाठवायचीस आणि मी ढग बघत बसायचो, पाऊस पडून कपडे पुन्हा भिजायचे, ते आठवतं ना? तसंच. चेंडू वर जाताना इतका शांत दिसतो की त्याच्यामागे धावणं मला उद्धटपणाचं वाटतं.

पण त्या जागेचं सुख तुला कसं सांगू! आमच्या हॉलच्या छताला एक लांबट काच आहे. सव्वाचारला तिच्यातून उन्हाचा एक पट्टा खाली उतरतो, तो आधी माझ्या बुटांवर. मग सामना चालू असतो आणि तो पट्टा सावकाश, कुणाच्या पायाखाली न येता, मैदान ओलांडून समोरच्या भिंतीवर चढतो. त्यात धूळ तरंगते, बुटांचे चुईचुई आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, मास्तर कुणावर तरी ओरडत असतात आणि ते माझ्यावर नाही याचा आनंद अंगभर पसरतो. (मास्तर म्हणजे आमचे प्रशिक्षक. आठवडाभर पॉलिश विभागात असतात, त्यामुळे रविवारीही प्रत्येकाला घासून काढतात.) आठवडाभर किल्ली घाल, फिरव, टक ऐक, पुढची घे, हे केल्यावर मी त्या बाकावर जितका सुखी असतो तितका कुठेच नसतो. हे बायकोला वाचून दाखवणार नाही.

तर अशा सुखाला गेल्या महिन्यात दृष्ट लागली. आमचे पाचही जण भट्टी विभागातले, धिप्पाड. सगळे रिंगखाली गर्दी करतात. समोरच्यांना हे कळलंय, त्यामुळे तेही तिथेच गर्दी करतात, आणि सामना बघणाऱ्याला वाटावं की रिंगखाली कुणाचं तरी काहीतरी हरवलंय. लांबून, त्या तीन गुणांच्या रेषेबाहेरून, चेंडू टाकणारा आमच्यात कुणी नाही. म्हणून मास्तरांनी बैठक बोलावली आणि जाहीर केलं की बाकावर एक लांबून टाकणारा माणूस हवा, गरज पडेल तेव्हा उतरवायला. कारखान्याबाहेरचा एक खेळाडू घ्यायला नियमाची परवानगी आहे, आणि माणूसही त्यांनी हेरलाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी विचारलं, बारा जण तर भरलेत, जागा कुठून आणणार? यावर सगळे एकाच वेळी छताकडे बघायला लागले. मीही बघितलं. छताला काही नव्हतं. तेव्हा मला कळलं, कुणाची जागा ते.

वर कडी म्हणजे, त्या माणसाला तीन दिवस नीट पारखून यायचं काम मलाच दिलं. तुला वेळ असतो, असं मास्तर म्हणाले. म्हणजे माझ्या जागेवर बसणाऱ्याचं माप घ्यायला मलाच धाडलं. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून 'बरं' बाहेर पडलं. माझ्या तोंडाचं हे नेहमीचं आहे.

माणूस बांधकामावरचा निघाला. नदीपलीकडे टपाल कार्यालयाची नवी इमारत होतेय, तिथे त्याचा थोरला भाऊ गवंडी आहे आणि हा खालून वर विटा टाकतो. तिशीचा, लांब हातांचा, बोलणं बेताचं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रस्त्यापलीकडे उभा राहिलो आणि डबा उघडायचाच विसरलो. ताई, वीट त्याच्या हातून निघते ती घाईत नसते. वर जाते, दुसऱ्या मजल्यापाशी पोचते आणि तिथे क्षणभर थांबते. वर जायचं संपलेलं असतं, खाली यायचं अजून ठरलेलं नसतं. नेमकी तेव्हा त्याचा भाऊ तिला फळीवरून उचलावी तशी हातात घेतो, तिच्याकडे न बघता. एकामागून एक, तासन्‌तास. लाल विटा, निळं आकाश, आणि मधे ती थांबलेली एक. पुढचे दोन दिवस मी तिथेच होतो. त्यांच्या सुट्टीत ते शेजारच्या मोकळ्या जागेत खांबाला ठोकलेल्या रिंगमध्ये चेंडू टाकायचे, भाऊ रिंगखाली, हा लांब कोपऱ्यात. सतरा टाकले, सतराही आत. मी मास्तरांना लेखी अहवाल दिला, 'विटा चांगल्या टाकतो.' याहून जास्त लिहायला हात धजेना.

एक गोष्ट मात्र मी अहवालात लिहिली नाही. वीट असो की चेंडू, तो टाकायच्या आधी दर वेळी त्याचा भाऊ हळूच 'हं' म्हणायचा. मी त्या गवंड्याला विचारलं. तो म्हणाला की हा त्यांच्या वडिलांचा दंडक. झेलणारा तयार असेल तर तो हं म्हणणार, आणि हं आल्याशिवाय खालच्याने हातातलं सोडायचं नाही. कामावर कुणी मोठ्यानं ओरडलं, तर त्याचा अर्थ थांब. आणि मग सिमेंटचे हात झटकत तो हसला.

"हं म्हटल्याशिवाय याच्या हातून काही सुटत नाही बघा. लग्नाच्या वेळीसुद्धा आधी मी हं म्हणालो, मग हा हो म्हणाला."

हे सगळं मला माहीत होतं, एकट्या मलाच, आणि मी गप्प बसलो. ताई, सरळ लिहितो, मुद्दाम गप्प बसलो.

रविवारी साबण कारखान्याशी सराव सामना होता, आणि त्यात ह्या पाहुण्याची परीक्षा. गवंडी काही आला नाही, रविवारी तो झोपतो. मास्तरांनी पाहुण्याला पहिल्यापासून उतरवलं आणि लांब कोपऱ्यात उभं केलं, बरोबर आमच्या बाकासमोर. चेंडू त्याच्याकडे आला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, रिंगकडे बघितलं आणि उभा राहिला. समोरचा गडी येऊन अंगावर उभा ठाकला, तरी हा उभाच. पाच सेकंद झाले, पंचांची शिट्टी, चेंडू साबणवाल्यांना. दुसऱ्यांदा तेच. मास्तर ओरडले, टाक. भट्टीवाले ओरडले, टाक. मग बघे ओरडायला लागले. आणि जितका ओरडा वाढला तितका त्यानं चेंडू छातीशी घट्ट धरला, कारण त्याच्या हिशेबी अख्खा हॉल त्याला थांब, थांब, कुणाला तरी लागेल, असं सांगत होता. मला हसू येत होतं. माझा जीव भांड्यात पडला होता. वरच्या सज्जात बायको बसली होती. तिला मी आदल्या दिवशी त्या हंची गोष्ट रंगवून सांगून बसलो होतो, आणि ती मैदानाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मध्यंतराला तो येऊन माझ्याच शेजारी बसला. दुसरीकडे जागा नव्हती. बराच वेळ स्वतःचे तळवे बघत राहिला. त्यांवर विटांनी पडलेले घट्टे आहेत, माझ्या अंगठ्यावर किल्ल्यांचा आहे तसे. मी पाण्याची बाटली पुढे केली. घोटभर प्यायला आणि म्हणाला, "दादा, इथं कुणी काही म्हणतच नाही."

मला लाज वाटली, ताई. लहानपणी तुझी पेन्सिल लपवून, तू रडायला लागल्यावर वाटली होती, तशी. तरीही मी नुसतं बाटलीचं झाकण लावत राहिलो, आणि ते आटे चुकून तिरकं लागत होतं.

उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा ऊन माझ्या बुटांवर आलं होतं. मग ते सरकलं आणि त्याच्या बुटांवर गेलं. माझी नेहमीची तंद्री लागली. भट्टीवाले आणि साबणवाले तिकडे रिंगखाली हरवलेलं शोधत होते. त्यांच्यातून चेंडू निसटून ह्याच्याकडे आला, त्यानं धरला, आणि सगळा हॉल पुन्हा ओरडायला लागला. पण तो ओरडा मला कुठून तरी नदीपलीकडून आल्यासारखा वाटत होता. मला फक्त त्याचे हात दिसत होते, आणि किल्ली कुलपात नीट बसली की फिरवायच्या आधीच कळतं, तसं मला कळलं की हे बसलंय. माझ्या तोंडून 'हं' गेलं. मोठ्यानं नाही. आपण झोपेत कूस बदलताना म्हणतो तेवढंच. चेंडू निघाला. तो त्या उन्हाच्या पट्ट्यातून वर गेला, धुळीतून, आणि अगदी वर पोचल्यावर क्षणभर थांबला, खरंच थांबला, आणि मला वाटलं आता छतावरून कुणीतरी हात काढून त्याला उचलून घेईल. मग तो खाली आला आणि जाळीत मधोमध पडला. त्यानं वळून बाकाकडे बघितलं. मी बुटांकडे बघितलं.

त्यानंतर मी सात वेळा हं म्हणालो आणि सातदा जाळी हलली. शेवटी आम्ही दोन गुणांनी हरलो, पण इतक्या कमी गुणांनी आम्ही आजवर कधी हरलेलो नाही, त्यामुळे भट्टीवाले जिंकल्यासारखे गात घरी गेले.

सोमवारी मास्तरांनी त्याचं नाव यादीत घातलं. बाराव्या नंबरचा सदरा मी स्वतः नेऊन दिला. बायकोनं त्याला इस्त्री केली होती, अकरा वर्षांत पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवसाच्या सरावात मी नव्हतो, आणि चेंडू पुन्हा त्याच्या छातीशी अडकला. मास्तरांनी स्वतः हं म्हणून पाहिलं, पण मास्तरांचं हं म्हणजे दम दिल्यासारखं असतं, तो आणखीच घाबरला. शेवटी मलाच बोलावून विचारलं आणि मी सगळं कबूल केलं. कुणी रागावलं नाही. मला बाकावर परत कसं बसवायचं, म्हणून नियमांचं पुस्तक काढलं. बाकावर खेळाडू आणि प्रशिक्षक सोडून आणखी एकाच माणसाला बसता येतं, तो म्हणजे औषधांची पेटी सांभाळणारा, आणि त्याला प्रथमोपचाराचं रीतसर शिक्षण लागतं. हे वाचून झाल्यावर सगळ्यांनी आधी छताकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

हे पत्र मी रिकाम्या हॉलमध्ये बसून लिहितोय. ऊन समोरच्या भिंतीवर पोचलंय. आता इथून उठलो की पुन्हा इथे हक्कानं बसता येईल की नाही, ठाऊक नाही, म्हणून नमस्कारालाही उठलो नाही. भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला शेक देत जा, आणि जिना जपून उतर.

तुझा,
बाकावरचा धाकटा

ता. क. – तुझ्या रुग्णालयात पंधरा दिवसांचा प्रथमोपचाराचा वर्ग असतो ना? त्यात माझं नाव घाल. मी नुसता दाखला मागत नाही. तो तू देणार नाहीस हे माहीत आहे, म्हणूनच मागत नाही. रीतसर येऊन शिकेन, रजा मंजूर झालीय. डब्याच्या पत्र्यानं तुझं बोट कापलं तेव्हा चक्कर मला आली होती, हे वर्गात कुणाला सांगू नकोस. मुख्यतः मुरगळलेले घोटे शिकव.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितोय. काल संध्याकाळी पेटी केवढी आहे ते बघायला हॉलकडे गेलो होतो. खिडकीतून बघितलं तर तो एकटाच कोपऱ्यात उभा राहून चेंडू टाकत होता. आत कुणी नव्हतं, कुणी हं म्हणत नव्हतं. मी नऊ मोजले, नऊही जाळीत. मग त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. हातातून सुटायला निघालेला चेंडू त्यानं परत छातीशी धरला आणि तसाच उभा राहिला, अंगावर कुणी आल्यासारखा, माझी वाट बघत. मी आत गेलो, बाटल्यांशेजारी बसलो आणि हं म्हणालो.

तेव्हा माझं नाव घालच.