गुरुवारची लाईट

नारायण पेठ, पुणे
गुरुवार, १० डिसेंबर २००९

चि. तेजस यास अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत, तूही ठीक असावास. पाकिटावरचा पत्ता वाचून तू आधी दचकला असशील आणि मग अक्षर ओळखलं असशील. त्या पत्त्याबद्दल सांगणार आहेच, पण मला माझ्या क्रमानं सांगू दे. फोनवर सगळं तूच बोलतोस. हवा कशी आहे, बाबा कसे आहेत, आणि मी तोंड उघडते तोवर "चल आई, ऑफिसला उशीर होतोय." पत्रात तुला तसं करता येणार नाही.

आज गुरुवार, म्हणून सकाळपासून लाईट नाही. चक्की बंद आहे आणि भाजून ठेवलेली भाजणी परातीत तशीच पडली आहे. बाबा दुकानाच्या दारात उजेडाला पेपर घेऊन बसलेत. मी आतल्या खोलीत खिडकीशी बसून लिहिते आहे. काय लिहितेस, असं त्यांनी एकदा विचारलं. "हिशेब," मी म्हटलं. त्यावर ते "बरं" म्हणाले. आजकाल ते सगळ्याला बरंच म्हणतात.

दुकान चालू आहे. जानेवारीत अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या मुलांच्या आया येऊ लागल्या आहेत. यंदा मंदीमुळे जरा कमी. तीच खरेदी, गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आणि सगळ्यांचा तोच प्रश्न, "मेतकूट विमानात चालतं का हो?" परवा एकीला म्हटलं, "विमानाला चालतं, मुलाला चालतंय का ते विचारा." ती हसली नाही. मुलाला निरोप द्यायच्या दिवसांत आयांना हसू येत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं.

पूर्वी अशा बायका आल्या की बाबा पुढे व्हायचे. कुकरच्या जादा रिंगा न्या, कानटोपी हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. आणि मग गल्ल्यामागच्या तुझ्या बर्फातल्या फोटोकडे बोट, "आमचे चिरंजीव. तिथलं परमिट मिळालंय त्याला." महिनाभर झाला, ते असं म्हणत नाहीत. गिऱ्हाईक आलं की भाजणीच्या पुड्या बांधतात.

त्या परमिटबद्दलच लिहायचं आहे. शिक्षण संपताना तुझा फोन आला होता, "बाबा, कार्ड आलं." तासाभरात ते पेढे घेऊन आले आणि आपल्या गल्लीपासून पार ओंकारेश्वराच्या बाजूपर्यंत वाटून आले. तुला त्यांची थट्टा करावीशी वाटेल, पण त्यांचं आयुष्य आठव. घरात फोन यायला सात वर्षं नंबर लावून बसलेला माणूस. स्कूटरचं तेच, गॅसचं तेच. त्यांच्या तरुणपणी परवाना हातात पडला की वस्तू घरात आल्यातच जमा असायची. परवाना मिळूनही रिकाम्या हातानं परत यावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार? ती नोकरी शोधायची परवानगी आहे, नोकरी नव्हे, असं तू सांगितलं असशीलही. पेढ्यांच्या गडबडीत कोणी ऐकलं नसेल.

मग मार्चमध्ये तू म्हणालास, नोकरी लागली. तो फोटो बाबांनी त्या दिवशी लावला.

दिवाळीचा खोका आठवतो ना? दरवर्षीसारखा बाबांनीच भरला. चकल्या मोडू नयेत म्हणून पेपरचे बोळे करून चारी बाजूंनी ठासले, आणि तुझा तिकडचा पत्ता मोठ्या अक्षरात दोनदा लिहिला. भाऊबीज उलटल्यावर तुझा फोन आला. "आई, फराळ पोचला. चकल्या अगदी खुसखुशीत." मी बाबांना सांगितलं. त्यांनी ते पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतरचा एक गुरुवार. तू दुपारी फोन केलास. तिकडे रात्र आहे, झोपायच्या आधी केला, म्हणालास. दुकानातल्या जुन्या फोनवर नंबर दिसत नाही, हे तुझ्या पथ्यावर पडलं. सकाळची गेलेली लाईट नुकती आली होती म्हणून मी चक्की लावली होती, एका कानाला फोन होता आणि चक्की पुन्हा थांबली. माझ्या तोंडून निघालं, "मेली, परत गेली लाईट." आणि तू, इथे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्यासारखा, लगेच म्हणालास, "आमची पण गेली. गुरुवार ना आज."

तुझ्याकडे कुठेतरी कावळा ओरडत होता. मग तू म्हणालास, "चल आई, झोपतो." मीही म्हटलं, "झोप." भर दुपारी.

अमेरिकेत गुरुवारी लाईट जात नाही, एवढं मला कळतं, तेजस.

मी बाबांना काही सांगितलं नाही. पुढच्याच आठवड्यात कर्वेनगरचा तुझा मित्र अभिनव आला, चुलतबहिणीच्या लग्नाला अमेरिकेहून सुट्टी काढून आला होता, परत जाताना मसाला न्यायला. बाबा बँकेत गेले होते. मी त्याला सरळ विचारलं. आधी तो डब्यांवरची नावं वाचायला लागला. मी म्हटलं, "अभिनव, मी त्याची आई आहे, पोलीस नाही." तेव्हा बोलला.

"काकू, कार्ड मिळालं तरी नव्वद दिवस नोकरी नसली तर थांबता येत नाही. त्यात ही मंदी. तो रोज अर्ज करायचा. माझ्या हॉलमध्ये झोपायचा, आणि मी उठायच्या आत अंथरूण गुंडाळून ठेवायचा. शेवटच्या आठवड्यात बॅग भरली आणि मला म्हणाला, इथलं सगळं आवरलं रे, आता पेढ्यांचं काय करू?"

एप्रिलात तू परत आलास. मुंबईला उतरलास आणि सरळ हिंजवडीला गेलास. एका लहान कंपनीत काम धरलंस. आठ महिने झाले. हे सगळं मला मसाल्याच्या पुड्या बांधता बांधता कळलं. तुझा पत्ताही त्यानंच दिला. त्याच्यावर रागावू नकोस, मी सोडलंच नसतं त्याला.

मला राग आला, तो मी लपवत नाही. अजून आहे. आठ महिने रोज संध्याकाळी मी घड्याळ बघायची आणि मनात म्हणायची, आता तेजसकडे सकाळ झाली, आता चहा करत असेल. तुझी सकाळ माझ्या सकाळीच होत होती.

मग मी एक दिवस बसनं हिंजवडीला आले. बाबांना सांगितलं, कोथरूडला मैत्रिणीकडे जाते. खोटं बोलणं आपल्या घरात आता सगळ्यांनाच जमायला लागलंय.

तुझं घर सापडायला वेळ लागला नाही. तुझ्या घरमालकीण यमुनाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, भाच्यासाठी खोली बघते आहे. त्यांनी आधी चहा ठेवला, मग बोलायला लागल्या. समोरच्या काचेच्या इमारतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तितं आमचा भात व्हायचा. आता पोरं ऱ्हात्यात, ती बी चांगलीच हायेत." मग तुझ्या खोलीचं दार दाखवलं.

"हितं एक तुमच्या पुन्याचंच हाय. लई गुणाचं. जेवलं की ताट धुऊन ठेवतंय. पर कायतरी दुखतंय बगा त्याचं. सांजच्याला फोन घिऊन गच्चीवर जातंय. परवा मी मिरच्या गोळा कराया वर गेले, तर आईला सांगत हुतं, बर्फ पडाया लागलाय, कानटोपी घातलीया. अन् अंगात नुसतं बनियन! मला आलं हसू. तर त्यानं फोन ठेवला अन् कठड्याला धरून हुबंच ऱ्हायलं. मी म्हनलं, लेकरा, आई हाय नव्हं तुला? तर म्हनलं, हाय. पर लई लांब हाय."

माझ्या हातातला चहा गार झाला. यमुनाबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. त्यांना कळलं असावं. खोलीचं भाडं त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जाताना गच्ची बघते म्हणून वर गेले. दोरीवर तुझा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल होता, मीच बॅगेत घातलेला. वाऱ्यानं एका टोकाला गोळा झाला होता. तो पसरून नीट केला, चिमटा लावला आणि खाली आले. कंपनीच्या बस सुटायची वेळ होत आली होती. थांबले असते तर तुला माझ्यासमोर उभं राहून काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तू पुन्हा बर्फाचं काही सांगितलं असतंस तर मला ते सोसलं नसतं. म्हणून निघाले.

मी ठरवलं होतं, तू आपणहून सांगेपर्यंत गप्प राहायचं आणि बाबांना जपायचं. पण गेल्या रविवारी मोठी परात काढायला माळ्यावर चढले. रिकाम्या डब्यांच्या मागे दिवाळीचा खोका होता.

तोच. बाबांच्या अक्षरातला पत्ता, आणि त्यावर चिकटवलेला कागद, की हा माणूस इथे राहत नाही. खोका परत आला तेव्हा मी दुकानात नसणार. बाबांनी तो उघडला होता आणि पुन्हा चिकटपट्टी लावून बंद केला होता. मी आत बघितलं. चकल्यांचा भुगा झालेला. लाडवांचा डबा मात्र अर्धा रिकामा होता. टाकवले नसतील त्यांना. मी देवळात गेले की वर चढून एकेक खात असावेत.

म्हणजे ज्यांच्यापासून मी लपवत होते ते माझ्यापासून लपवत होते. महिनाभर आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून जेवतो आणि तुझ्याकडच्या थंडीबद्दल बोलतो. परवा ते मला म्हणाले, "तेजसला विचार, हीटर नीट चालतो ना." मी म्हटलं, "विचारते." तेजस, बाहेरच्या लोकांसमोर आपण काय म्हणतो त्याचं मला काही वाटत नाही. पण या वयात आम्ही एका ताटाशी बसून एकमेकांना फसवायचं, हे मला होत नाही. म्हणून हे पत्र.

खोका मी होता तिथे ठेवला.

इथवर लिहिलं आणि थांबले होते. सही करावी, आणि बाबांना न सांगता पाकीट पेटीत टाकावं, असा विचार होता. तेवढ्यात दारातून बाबा म्हणाले, पेपरमधून डोकं न काढता, "आज हिंजवडीलाही लाईट नसेल, नाही?"

मी पेन खाली ठेवलं. मग म्हटलं, "नसेल."

"अभिनव मलाही भेटून गेला," ते म्हणाले. पान उलटलं. "हिशेब झाला का लिहून?"

"होत आलाय."

"मग त्यात लिही, म्हणावं पेढे मी वाटले होते. लोकांना काय सांगायचं ते माझं मी बघतो. त्यानं त्याची काळजी करायची नाही."

एवढं बोलून ते उठले आणि गल्ल्यामागे गेले. मला वाटलं फोटो काढतायत. काढला नाही. धोतराच्या सोग्यानं काच पुसली आणि परत दारात जाऊन बसले. ते आत्ता तिथेच आहेत. पेपर उलटा धरलाय, आणि मी ते त्यांना सांगणार नाही.

तर तेजस, आता तुझ्यावर आहे. तू घरी आलास तर गल्लीत दोन दिवस चर्चा होईल आणि तिसऱ्या दिवशी लोकांना दुसरं काही मिळेल. आला नाहीस तर आम्ही दोघं त्या थंडीबद्दलच बोलत राहावं लागेल, आणि आता ते आम्हाला जमणार नाही. मला तू हवा आहेस. नोकरी लहान असो, खोली भाड्याची असो, मला त्याचं काही नाही. तू बर्फात नाहीस, उन्हात आहेस, याचं मला किती बरं वाटलं ते मी त्या गच्चीवर कोणाला सांगणार होते?

येत्या गुरुवारी ये. दुपारी ये. गिऱ्हाईक नसतं, चक्की बंद असते, आणि आतल्या खोलीत इतका अंधार असतो की कोणाला कोणाचं तोंड धड दिसत नाही. आल्या आल्या काही बोलायला हवं असं नाही. पाटावर बस, मी वाढते. लाईट येईपर्यंत आपलं जेवण होईल.

तुझी,
लांब नसलेली
आई