जाळ्याच्या आतलं पाणी

२ एप्रिल

आज जीवरक्षक म्हणून रुजू झाले. इतकी वर्षं निळ्या फरशीच्या तलावात पोरांना हातपाय मारायला शिकवलं, आता समोर खराखुरा समुद्र. लाल टी-शर्ट, गळ्यात शिट्टी, बसायला लाकडी मनोरा. राहायला दादा-वहिनीच्या दोन खोल्या आहेतच. खाली लॉन्ड्री आहे, दिवसभर इस्त्रीची वाफ वर येते. वहिनी म्हणते, बाकी काही नाही तरी आपण सुरकुत्यांशिवाय म्हातारे होऊ.

माझे वरिष्ठ म्हणजे कप्तान. कुठल्याच जहाजावर ते कधी कप्तान नव्हते, पण सगळं गाव तेच म्हणतं. काही वर्षांपूर्वी शार्कने मांडीला धरलेल्या एका माणसाला त्यांनी ओढून बाहेर काढलं होतं. नगरपालिकेच्या जिन्यात त्यांचा फोटो आहे. चहाच्या दुकानात शिरले की लोक उठून खुर्ची देतात. निदान पूर्वी द्यायचे, असं ते स्वतःच म्हणाले.

५ एप्रिल

कप्तानांनी शिकवायला घेतलं. शार्क माणूस खायला येत नाही, बहुतेकदा चुकून चावते. पण तेवढं एक चावणंही पुरतं. गढूळ पाण्यात कुणाला उतरू द्यायचं नाही, भल्या पहाटे आणि तिन्हीसांजेला तर नाहीच. चमकणाऱ्या साखळ्या काढायला लावायच्या. एकट्यादुकट्याला लांब जाऊ द्यायचं नाही.

पाण्यावर तरंगणाऱ्या पिवळ्या डब्यांच्या रांगेखाली शार्क अडवायचं जाळं आहे. ते लावल्यापासून एकही घटना नाही. आता आपण नुसती बुजगावणी, असं म्हणून कप्तान हसले. मला ते हसू आवडलं नाही. का, ते सांगता येणार नाही.

९ एप्रिल

भर दुपारी, जाळ्याच्या आत, एका बाईच्या पोटरीचा लचका गेला. पाणी नितळ होतं, हिरवा झेंडा मीच लावला होता. कप्तानांनी तिला बचावाच्या फळीवर घेतलं, वाळूवर आणलं, टॉवेलने पाय आवळून बांधला. ती वाचेल म्हणतात. पायाचं डॉक्टर काही सांगत नाहीत.

लोकांनी कप्तानांना खांद्यावर घेतलं. चहाच्या दुकानात आज सगळी माणसं उठून उभी राहिली.

एक गोष्ट मनातून जात नाही. कप्तान फळी घेऊन धावले, आणि मग ती ओरडली. ती आधी ओरडायला हवी होती.

१० एप्रिल

कप्तान सत्काराला गेले तेव्हा बोट घेऊन मी जाळं बघून आले. पाण्याखाली हातभर खोलीवर भोक आहे, माणूस आरपार जाईल एवढं. कडा फाटलेल्या नाहीत. कापलेल्या आहेत, शिंप्याने कापड कापावं तशा.

कप्तानांना विचारलं. म्हणाले, कुणाच्या तरी बोटीचा पंखा लागला असेल. पण पंख्याने चिंध्या होतात. बोटीतल्या बादलीला माशांच्या आतड्यांचा वास येत होता, तोही विचारला. म्हणाले, सकाळी मासेमारीला गेलो होतो. बोटीत ना गळ, ना दोरा. आणि त्या वासावर शार्क कुठून कुठून येते, हे त्यांना मी सांगायला हवं होतं का?

मी विनाकारण संशय घेतेय असंही वाटतं. देव करो आणि तसंच असो.

१२ एप्रिल

नगरपालिकेत साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला, आणि विचारलं की जिन्यात कुणाचा फोटो आहे ते पाहिलंत का. मी तोच जिना चढून गेले होते.

१३ एप्रिल

मी नगरपालिकेत गेले होते ते कप्तानांना कळलंय. जाळं शिवलं, एवढंच म्हणाले. बघायला जाते म्हटलं तर बोटीची किल्ली देईनात.

आणि संध्याकाळी कप्तान आमच्या घरी आले. माझ्या आधी. वहिनीने खुर्ची दिलेली, दादा समोर बसून शाळकरी पोरासारखा ऐकतोय. कप्तान त्याला म्हणत होते, एवढी पट्टीची पोहणारी बहीण पहाऱ्याला असताना समुद्रात उतरला नाहीस म्हणजे कमाल आहे. रविवारी ये, मी स्वतः बोटीवर असेन.

निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला तोच वास.

१४ एप्रिल

दादाला हात जोडले. तो हसला. म्हणाला, तुला साप साप म्हणून भुई धोपटायची सवय आहे. वहिनी म्हणाली, अगं, देवमाणूस आहे तो, त्याच्या मुळावर का उठतेस.

धोक्याचा लाल झेंडा जागेवर नाही. शिवायला दिलाय म्हणे. कुठे, ते कप्तान सांगत नाहीत.

रविवार

मनोऱ्यावर. दादाला घरातच कोंडायला हवं होतं — मी उठले तेव्हा तो निघून गेला होता.

हिरवा झेंडा कप्तानने लावलाय. मी काढला. त्याने खालून पुन्हा लावायला लावला, सगळ्यांसमोर, हसत. लोक माझ्याकडे कसे बघतायत —

साहेबांना फोन. उचलत नाहीत.

किनाऱ्यावर ओरडून सांगितलं. दोन बायका मुलांना घेऊन बाहेर आल्या. बाकीचे नाहीत. कप्तान आहेत ना, म्हणतात.

दादा पाण्यात. छातीपर्यंत. आता पोहतोय, डब्यांकडे.

कप्तानची बोट डब्यांच्या आत आली. इंजिन बंद. तो वाकलाय — बादली —

पाणी तिथे काळपट. पसरतंय.

तो दादाकडे बघत नाहीये. माझ्याकडे बघतोय. फळी हातात, उभा राहून —

शिट्टी वाजवतेय, वाजवतेय. दादाने वर पाहिलं. हात हलवतोय, हसतोय, त्याला वाटतंय मी त्याला नुसती —