मारलं तर नाही ना?

प्रिय शालनमावशी,

तुला जाऊन दीड वर्ष झालं आणि भाचीला आत्ता सवड मिळाली होय, असं म्हणशील. म्हण. पण काल माझ्या सायलीचं ठरलेलं लग्न मोडलं. मीच मोडलं, तिला विचारून. सगळे नातेवाईक मला वेड्यात काढताहेत. तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

मावशी, किती गोड होतीस गं तू! कुसगावला तुझ्या अंगणात पाय ठेवला की "आली माझी बाय!" म्हणत पिठाच्या हातांनी गाल ओढायचीस. कुंपणापाशी उभी राहून पर्यटकांना रस्ते सांगायचीस, "म्होरं डाव्या हाताला वळा, लय झ्याक दिसतंय तितनं." तू कधी गेलीस तिथे, असं मी एकदा विचारलं. "मी कशाला जाऊ? ह्यांना न्हाई आवडत," म्हणून हसलीस. मीही हसले.

काका देहूरोडला डेपोत कामाला जाताना तुझ्या चपला पिशवीत घालून न्यायचे. गावभर ठाऊक होतं. नवऱ्याला करमत नाही म्हणून चपला तरी सोबत नेतो, असं बायका चिडवायच्या आणि तू पदर तोंडाला लावून लाजायचीस. आम्ही त्याला प्रेम म्हणत होतो! मैत्रिणींना मी हे कौतुकाने सांगितलंय, मावशी.

मी कॉलेजात असताना एकदा तू भर उन्हात अनवाणी लोणावळ्याला आमच्या घरी आलीस. आईने पहिलं विचारलं, "मारलं तर नाही ना?"

"न्हाई."

मी तुझे दंड पाहिले. वळ नव्हते.

"मग झालं काय?"

"काय न्हाई. घरात जीव घाबरतोय."

आईने चहा दिला, मी माझ्या चपला दिल्या. संध्याकाळी काका न्यायला आले, त्यांनाही चहा केला. किती शांत माणूस, असं आई म्हणाली. तू निमूट गेलीस आणि पुन्हा कधी त्यावर बोलली नाहीस. मी मोठी झाल्यावर तरी भांडायचंस ना माझ्याशी! पण कशाला भांडली असतीस? दाखवायला तुझ्याकडे वळ कुठे होते?

परवा सायली भाजी चिरत होती. फोन वाजला तशी सुरी टाकून धावली. होणारा नवरा. तिने फोन फिरवून त्याला ओटा दाखवला, मी दिसेन असा धरला, दाराआड कुणी नाही हेही दाखवलं. असं दिवसातून दहादा. "काळजी करतो गं, आई. मैत्रिणींचे नंबरसुद्धा त्यानेच माझ्या फोनमधून काढून टाकलेत. पण आवाज कधी चढवत नाही हं."

'मग झालं काय?' अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "फोन नाही उचललास तर?"

ती ढसाढसा रडायला लागली. "मला त्याची भीती वाटते."

तुझा तेव्हाचा चेहरा आठवला आणि मीही रडले.

सायलीच्या आत्या विचारतात, मुलाने केलं तरी काय? मी सांगते, माझी पोर त्याला घाबरते. एवढं पुरे आहे. हे तुझ्यासाठी म्हणायला हवं होतं. माफ कर.

उद्या कदाचित तिचं मन पालटेल, ती त्याच्याकडे परत जाईलही. पण वचन देते, ज्या दिवशी ती माझ्या दारात येईल, त्या दिवशी तिला न्यायला कुणी कितीही शांतपणे आलं, तरी मी तिला पाठवणार नाही.

तुला परत पाठवणारी,
तरीही तुझीच लाडकी,
वंदना