श्वासावर वाकणारा हात

६ जानेवारी
आज दवाखान्यात दाखल झाले. खोली ऐसपैस, खाट खिडकीशी. शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी पिशवी ठेवायच्या आत माझी सगळी कुंडली विचारून घेतली. सांगून टाकलं, उजव्या दंडात जन्मापासून स्नायूच नाही, हात कोपरात वाकत नाही, नुसता लोंबतो. लेक दीड वर्षाची झाली, पण माझ्या ठकीला मी अजून दोन्ही हातांनी उचललेलं नाही. डॉक्टर मांडीतला स्नायू काढून दंडात बसवणार आणि त्याला बरगडीजवळची श्वासाची नस जोडणार. परवा ऑपरेशन. भीती वाटतेय, पण आनंदच जास्त आहे.

२१ जून
हात हलला! व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी बजावलंच होतं, की सुरुवातीला श्वास घेतला की हात वाकेल, सोडला की सुटेल, मग हळूहळू सवय होईल. मी छाती भरून श्वास घेतला आणि हात कोपरात टुणकन वाकला. आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत सुटलो, तर हसण्यानंही हात वाकायला लागला.

३ ऑगस्ट
जांभई दिली की हात वर, शिंकले की नाकावर गुद्दा. ह्यांची फुकटात करमणूक होते. आज मात्र श्वास सोडला तरी हात सुटला नाही. डाव्या हातानं ओढून सरळ केला.

११ ऑगस्ट
आता प्रत्येक श्वासाला थोडा वर चढतो, उतरत नाही. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, असं होणं शक्य नाही, स्नायू थकतोच. हा थकत नाही, मीच थकते. दुपारी जाग आली तेव्हा मनगट माझ्याच गळ्यावर रुतलेलं. ह्यांनी दोन्ही हातांनी ओढून सोडवलं. ह्यांचाही चेहरा उतरला होता.

१४ ऑगस्ट
घाबरले की श्वास वाढतो. श्वास वाढला की हा आवळतो. मग आणखी घाबरते. ठकी हात पसरून येते आणि मी पळते. रडावंसं वाटतं, पण रडले तरी —

१८ ऑगस्ट
डोळा लागला होता. ठकी कधी कुशीत येऊन झोपली कळलंच नाही. उजवा हात तिच्याभोवती आवळलेला. डाव्या हाताचा जोर पुरत नाही. हे गच्चीवर. हाक मारायची तर श्वास घ्यावा लागेल, म्हणून लिहितेय, पान दाराकडे टाकीन — आधी हात ओढून सरळ करा, मला बोलायला लावू नका — श्वास रोखून धरलाय —
ठकी जागी झाली. माझ्याकडे बघून हसतेय. अजून हसतेय. मला आता श्वास