विहिरीचे शेअर

चि. जलदेसा,

आशीर्वाद लिहीत नाही, तू त्यांचेही शेअर काढशील. आणि हे पत्र धाडणारही नाही, कारण एखाद्या परिषदेत ते वाचून टाळ्या घ्यायला तू कमी करणार नाहीस.

काल नैरोबीहून आलास ते भांडवलशाहीला माणुसकी शिकवायची योजना घेऊन. म्हणे आपल्या विहिरीची कंपनी करायची, पाण्याला मीटर लावायचं आणि घराघराला शेअर द्यायचा. "ताई, फुकटचं पाणी लोक वाया घालवतात. भाव लावला की जपतात." अरे दीडशहाण्या, खोल विहिरीत माणसाच्या वर माणूस उभा राहून, गात गात, हातोहात बादली वर चढवतो. ते पाणी कोण वाया घालवेल? आपल्या बोराना गुराख्यांच्या विहिरीवर पाळी असते, भाव नसतो. तहानलेल्या वैऱ्यालाही इथे नाही म्हणत नाहीत. तू इथेच वाढलास ना?

पाळ्या लावणाऱ्या दिदाकाकांनी विचारलं, "पोरा, दुष्काळात ज्याची गुरं मेली, तो आपला शेअर कुणाला विकेल?"

"ज्याला परवडेल त्याला."

सगळे हसले. तुला वाटलं, पटलं.

निघताना तुझी गाडी तापली. पाणी मागायला विहिरीवर परत आलास आणि आईच्या देखत पाकीट काढलंस.

दिदाकाकांनी मुद्दाम विचारलं, "हा कुणाचा गं?"

आईने तुझ्याकडे पाहिलंही नाही. "कुणाचा का असेना. पाहुणा आहे, आधी त्याला द्या."

म्हणून मीही 'ताई' अशी सही करत नाही.

तालासो